थेओडोर कोखर

एमिल थेओडोर कोखर (२५ ऑगस्ट १८४१ – २७ जुलै १९१७) हे स्विस शल्यचिकित्सक, संशोधक व अध्यापक होते. अवटू ग्रंथीचे (थायरॉइडचे) कार्य, तिचे विकार आणि तिच्यावरील शस्त्रक्रिया यांविषयीच्या कार्यासाठी त्यांना १९०९ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. हे पारितोषिक मिळवणारे ते पहिले शल्यचिकित्सक होत. बर्न विद्यापीठात ते १८७२ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे पंचेचाळीस वर्षे, शल्यविज्ञानाचे प्राध्यापक होते.

कोखर यांच्या पूर्वी गलगंडाची शस्त्रक्रिया जीवघेणी समजली जाई. ती त्यांनी सुरक्षित केली. तथापि अवटू ग्रंथी समूळ काढलेल्या आपल्याच रुग्णांना त्यांनी काही वर्षांनी पुन्हा बोलावून तपासले, तेव्हा त्यांपैकी बहुतेकांची शारीरिक व बौद्धिक अवनती झालेली त्यांना आढळली. हा निष्कर्ष त्यांनी १८८३ मध्ये स्वतःच जाहीर केला आणि समूळ उच्छेदनाची पद्धत सोडून दिली. अवटू ग्रंथी शरीराला अत्यावश्यक आहे, हे ज्ञान प्रस्थापित होण्यात या अहवालाचा मोठा वाटा आहे.

बालपण व शिक्षण

कोखर यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील बर्न येथे झाला. त्यांचे वडील याकोब अलेक्झांडर कोखर हे अभियंता होते. आई मारिया (माहेरचे आडनाव वेर्मुट) या मोरेव्हियन बंधुसमाज या ख्रिस्ती पंथाच्या अनुयायी होत्या. आईच्या धर्मनिष्ठेचा संस्कार कोखर यांच्यावर खोलवर झाला आणि तो आयुष्यभर टिकला. त्यांच्या बालपणाचा काही काळ बर्नजवळील बुर्गडॉर्फ या गावी गेला. पुढे कुटुंब बर्नला परतले व तेथेच त्यांचे शालेय शिक्षण पूर्ण झाले.

१८५८ मध्ये त्यांनी बर्न विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतला आणि १८६५ मध्ये अंतिम परीक्षा सर्वोच्च श्रेणीत उत्तीर्ण केली. त्यानंतर त्या काळच्या प्रथेप्रमाणे ते युरोपातील नामवंत शल्यचिकित्सकांचे काम प्रत्यक्ष पाहण्यासाठी प्रवासाला निघाले. झुरिकमध्ये थेओडोर बिलरोट, बर्लिनमध्ये बेर्नहार्ड फॉन लांगेनबेक आणि लंडनमध्ये स्पेन्सर वेल्स यांची शस्त्रक्रियापद्धती त्यांनी पाहिली. पॅरिसलाही ते गेले. जोसेफ लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत याच सुमारास पुढे येत होती. जखमेत पू होणे अटळ नाही, ते टाळता येते, हा विचार कोखर यांनी लवकर आत्मसात केला.

मायदेशी परतल्यावर ते बर्नमधील शल्यविज्ञानाचे प्राध्यापक गेओर्ग ल्यूके यांचे साहाय्यक झाले. १८६९ मध्ये त्यांचा विवाह मारी विची यांच्याशी झाला. या दांपत्याला तीन मुलगे झाले. त्यांपैकी थोरला आल्बर्ट हा पुढे शल्यचिकित्सक झाला व वडिलांच्या हाताखाली काम करू लागला.

प्राध्यापकपद

निखळलेला खांद्याचा सांधा फारसा जोर न लावता जागेवर बसवण्याची एक पद्धत कोखर यांनी १८७० मध्ये प्रसिद्ध केली. ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. या कामामुळे तरुण वयातच त्यांचे नाव वैद्यकजगतात परिचित झाले.

१८७२ मध्ये ल्यूके स्ट्रासबुर्ग विद्यापीठात गेले आणि त्यांची जागा रिक्त झाली. वैद्यकशाखेचा कल बाहेरच्या उमेदवाराकडे होता. परंतु विद्यार्थी व शहरातील नागरिक यांचा कोखर यांना पाठिंबा होता, आणि बर्नच्या शासनाने त्यांचीच निवड केली. त्या वेळी ते अवघे तीस वर्षांचे होते. प्राध्यापकपदाबरोबरच इन्सेलश्पिटाल या बर्नच्या जुन्या रुग्णालयातील शल्यविभागाचे प्रमुखपदही त्यांच्याकडे आले. या रुग्णालयाची नवी वास्तू १८८० च्या दशकात उभी राहिली. तिच्या उभारणीसाठी त्यांनी विशेष परिश्रम घेतले. पुढे परदेशांतील मोठ्या विद्यापीठांकडून त्यांना निमंत्रणे आली, पण त्यांनी बर्न सोडले नाही. १८७८ मध्ये व पुन्हा १९०३ मध्ये ते बर्न विद्यापीठाचे रेक्टर, म्हणजे कुलगुरू, होते.

गलगंडाची समस्या

अवटू ग्रंथी गळ्याच्या पुढील भागात, श्वासनलिकेला बिलगून असते. तिची वाढ होऊन गळ्यावर जो फुगवटा दिसतो त्यास गलगंड म्हणतात. ही ग्रंथी आपले स्राव तयार करण्यासाठी आयोडीन वापरते. आहारात आयोडीन कमी पडले की ग्रंथी वाढू लागते. आधी ती सर्व बाजूंनी फुगते व कालांतराने तिच्यात लहानमोठ्या गाठी तयार होतात. आल्प्स पर्वताच्या परिसरातील मातीत व पाण्यात आयोडीन अत्यल्प असल्याने स्वित्झर्लंडमध्ये हा विकार पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी होता. त्याच्या जोडीला क्रेटिनता (जडवामनता) हा विकारही होता. जन्मापासूनच अवटू स्राव न मिळालेली मुले ठेंगणी, मंदबुद्धी व पुष्कळदा मूकबधिर राहत. कोखर यांनी बर्न प्रांतातील शाळकरी मुलांमध्ये गलगंडाची पाहणी करून त्याचा भौगोलिक आढावा १८८९ मध्ये प्रसिद्ध केला.

गलगंड म्हणजे केवळ सौंदर्याला येणारी बाधा नव्हती. मोठ्या गलगंडाच्या दाबाने श्वासनलिका चेपत असे व काही रुग्ण गुदमरून मरत. अशा वेळी शस्त्रक्रिया हाच उपाय उरे. परंतु ग्रंथीला रक्तपुरवठा विपुल असल्याने रक्तस्राव आवरणे कठीण होते. पुढे जखमेत जंतुसंसर्ग होई. स्वरयंत्राकडे जाणारी चेता ग्रंथीच्या अगदी मागून जात असल्याने ती दुखावली की रुग्णाचा आवाज बसे. बिलरोट यांच्यासारख्या निष्णात शल्यचिकित्सकाच्या झुरिकमधील पहिल्या वीस गलगंड शस्त्रक्रियांत आठ रुग्ण दगावले होते. त्यानंतर कित्येक वर्षे त्यांनी ही शस्त्रक्रिया बंद ठेवली.

शस्त्रक्रियेची पद्धत

कोखर यांनी या तिन्ही अडचणींवर शांतपणे व क्रमाने मार्ग काढला. लिस्टर यांच्या तत्त्वांनुसार त्यांनी शस्त्रक्रियागृहातील स्वच्छतेचे नियम कडक केले. ग्रंथी कापण्यापूर्वी तिच्या रोहिण्या व नीला एकेक करून चिमट्यात धरून बांधण्याची शिस्त त्यांनी घालून दिली. त्यासाठी तयार केलेला दातेरी टोकाचा चिमटा आजही कोखर चिमटा म्हणून शस्त्रक्रियागृहात वापरला जातो. गळ्याच्या खालच्या भागात कॉलरसारखा आडवा छेद घेण्याची पद्धतही त्यांच्यामुळे रूढ झाली. या छेदाचा व्रण त्वचेच्या वळीत लपतो. गुंगी आणणाऱ्या क्लोरोफॉर्मचा धोका ओळखून त्यांनी गळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी स्थानिक भूल वापरण्यावर भर दिला.

त्यांची शस्त्रक्रिया संथ असे. ज्या काळात वेगाला कौशल्याचे माप समजले जाई, त्या काळात ते मिनिटे वाचवण्यापेक्षा रक्ताचा थेंब वाचवण्याकडे लक्ष देत. याचा परिणाम आकड्यांत दिसू लागला. १८८३ पर्यंत त्यांनी १०१ गलगंड शस्त्रक्रिया केल्या होत्या आणि त्यांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे तेरा टक्के होते. पुढील पंधरा वर्षांत ते शेकडा एकाहूनही खाली आले.

१८८३ चा अहवाल

शस्त्रक्रिया सुरक्षित होत गेली तसे कोखर अधिक धाडसी झाले. ग्रंथीचा काही भाग ठेवला तर गलगंड पुन्हा वाढतो, म्हणून ती संपूर्ण काढणे अधिक चांगले, असे त्यांना वाटू लागले. अवटू ग्रंथीचे शरीरात नेमके काय कार्य आहे हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. तिच्यावाचून शरीराचे काही अडत नाही, असा समज अनेक शल्यचिकित्सकांत होता.

१८७४ च्या जानेवारीत त्यांनी एका अकरा वर्षांच्या मुलीची अवटू ग्रंथी समूळ काढली. जखम उत्तम भरली. मात्र तिला शस्त्रक्रियेसाठी पाठवणाऱ्या डॉक्टरांनी काही काळाने कळवले, की पूर्वीची चपळ व आनंदी मुलगी आता मंद, उदासीन व आळसावलेली झाली आहे. त्या वेळी कोखर यांनी या निरोपाला फारसे महत्त्व दिले नाही.

सप्टेंबर १८८२ मध्ये जिनिव्हा येथे आरोग्यविषयक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तेथे त्यांची भेट जिनिव्हाचे शल्यचिकित्सक जाक-लुई रेव्हर्दँ यांच्याशी झाली. रेव्हर्दँ यांनी आपल्या काही रुग्णांत ग्रंथी समूळ काढल्यानंतर अशक्तपणा, चेहऱ्यावरील सूज व बुद्धिमांद्य दिसून आल्याचे सांगितले आणि कोखर यांचा अनुभव काय आहे, अशी विचारणा केली. या भेटीनंतर कोखर यांनी आपल्या जुन्या रुग्णांना पत्रे पाठवून बर्नला तपासणीसाठी बोलावले.

संपूर्ण ग्रंथी काढलेले ३४ रुग्ण त्यांच्या नोंदीत होते. त्यांपैकी १८ जणांची तपासणी होऊ शकली आणि १६ जणांत कमीअधिक प्रमाणात एकसारखीच लक्षणे आढळली. त्यांना सतत थंडी वाजे. हातपाय व चेहरा सुजलेला, त्वचा कोरडी, केस विरळ आणि बोलणे सावकाश झाले होते. विचार व हालचाली मंदावल्या होत्या. वाढीच्या वयात शस्त्रक्रिया झालेल्यांची उंची खुंटली होती. १८७४ मधील ती मुलगी नऊ वर्षांनी तपासणीला आली, तेव्हा तिची धाकटी बहीण तिच्यापेक्षा उंच झालेली होती. दोघी बहिणींची शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची छायाचित्रे कोखर यांनी अहवालात दिली. उलट ज्यांच्या ग्रंथीचा काही भाग शिल्लक राहिला होता, अशा रुग्णांची प्रकृती चांगली होती.

४ एप्रिल १८८३ रोजी बर्लिन येथे जर्मन शल्यचिकित्सा संघाच्या अधिवेशनात कोखर यांनी हा सर्व वृत्तान्त मांडला. या अवस्थेला त्यांनी कॅकेक्सिया स्ट्रुमिप्रिव्हा, म्हणजे गलगंड काढल्याने येणारी क्षीणता, असे लॅटिन नाव दिले. समूळ उच्छेदन आपण यापुढे करणार नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले. कर्करोगासारखे सबळ कारण नसेल तर ग्रंथीचा काही भाग राखलाच पाहिजे, हा नियम येथून रूढ झाला.

या अहवालाचे महत्त्व त्यातील आकड्यांपुरते मर्यादित नाही. रुग्ण रुग्णालयातून जिवंत बाहेर पडला की शस्त्रक्रिया यशस्वी, असे मानण्याचा तो काळ होता. त्या मापाने या सोळाही शस्त्रक्रिया यशस्वी ठरल्या असत्या. शस्त्रक्रियेचा खरा हिशेब अनेक वर्षांनी, रुग्णाच्या पुढील आयुष्याकडे पाहूनच मांडता येतो, हे या प्रकरणाने वैद्यकाला शिकवले.

रेव्हर्दँ यांच्याशी वाद

रेव्हर्दँ यांनी आपले निरीक्षण १३ सप्टेंबर १८८२ रोजी जिनिव्हाच्या वैद्यक मंडळापुढे मांडले होते. आपले चुलतबंधू ओग्युस्त यांच्यासह त्यांनी २२ गलगंड शस्त्रक्रियांवरील लेख १८८३ मध्ये प्रसिद्ध केला. रुग्णांच्या लक्षणांचे मिक्सिडीमा या विकाराशी असलेले साम्य त्यांनी ओळखले होते. हा विकार लंडनमधील विल्यम गल यांनी १८७३ मध्ये वर्णिला होता व विल्यम ऑर्ड यांनी १८७८ मध्ये त्याला हे नाव दिले होते.

शोधाचे श्रेय कोणाचे यावरून पुढे कोखर व रेव्हर्दँ यांच्यात वाद झाला व तो बराच काळ धुमसत राहिला. नोबेल पारितोषिक एकट्या कोखर यांना मिळाले. कोखर यांची रुग्णसंख्या मोठी व पाठपुरावा अधिक पद्धतशीर होता. मात्र पहिली सूचना रेव्हर्दँ यांच्याकडून आली होती, असे आज वैद्यकाच्या इतिहासात सामान्यतः मानले जाते.

कारणाचा उलगडा

लक्षणे अचूक टिपूनही कोखर यांनी लावलेले कारण चुकीचे होते. शस्त्रक्रियेनंतर श्वासनलिका अरुंद व क्षीण होते आणि त्यामुळे शरीराला प्राणवायू कमी पडतो, असे त्यांचे प्रारंभीचे स्पष्टीकरण होते.

लंडनमधील फेलिक्स सीमन यांनी १८८३ च्या अखेरीस असे प्रतिपादन केले, की क्रेटिनता, मिक्सिडीमा आणि कोखर यांनी वर्णिलेली क्षीणता या तिन्हींचे मूळ एकच आहे आणि ते म्हणजे अवटू ग्रंथीच्या कार्याचा अभाव. प्रथम त्यांची थट्टा झाली. पण लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने याच प्रश्नासाठी समिती नेमली. मोरिट्स शिफ यांनी कुत्र्यांवर व व्हिक्टर हॉर्स्ली यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांनी या मताला आधार मिळाला. १८८८ मध्ये समितीचा अहवाल सीमन यांच्या बाजूने आला. कोखर यांनीही आपले मत बदलले.

ग्रंथीच्या अभावी त्रास होतो तर ग्रंथी परत देऊन तो बरा व्हावा, हा पुढचा तर्क होता. कोखर यांनी १८८३ मध्येच एका रुग्णाच्या शरीरात अवटू ग्रंथीच्या ऊतकाचे रोपण करून पाहिले. एखाद्या अवयवाचे कार्य भरून काढण्यासाठी झालेल्या या रोपणाला काही इतिहासकार आधुनिक अवयवरोपणाचा आरंभ मानतात. टिकाऊ उपाय मात्र १८९१ मध्ये इंग्लंडमधील जॉर्ज मरे यांनी दिला. त्यांनी मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचून मिक्सिडीमाच्या एका स्त्रीरुग्णाला बरे केले. ती या उपचारावर आणखी २८ वर्षे जगली. १८९५-९६ मध्ये ऑयगेन बाउमान यांना या ग्रंथीत आयोडीन आढळले आणि १९१४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील एडवर्ड केंडल यांनी थायरॉक्सिन हा तिचा स्राव शुद्ध रूपात वेगळा केला.

बिलरोट यांच्या रुग्णांत ही क्षीणता क्वचितच का आढळली, हा प्रश्न उरतो. त्यांच्या रुग्णांना स्नायूंत वेदनादायक पेटके आणणारा टेटनी हा विकार अधिक होई, तर कोखर यांच्या रुग्णांत तो क्वचितच दिसे. अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी दोघांचेही काम पाहिले होते. त्यांनी याचे कारण हातांच्या पद्धतीत शोधले. बिलरोट झपाट्याने काम करत. त्यात ग्रंथीचे तुकडे मागे राहत, पण तिला चिकटलेल्या, रक्तातील कॅल्शियम सांभाळणाऱ्या इवल्याशा परावटू ग्रंथी निघून जात किंवा दुखावत. कोखर नेटकेपणाने काम करत. त्यामुळे परावटू ग्रंथी वाचत. मात्र अवटू ग्रंथीचा कणही मागे राहत नसे. म्हणजे कोखर यांच्या रुग्णांचे नुकसान त्यांच्या कौशल्यामुळेच अधिक ठळकपणे घडले.

नंतरचे कार्य

१८८३ नंतर कोखर यांनी गलगंडाच्या शस्त्रक्रिया थांबवल्या नाहीत. कोणत्या रुग्णावर, किती व कशी शस्त्रक्रिया करावी याचा विचार मात्र बदलला. ग्रंथीची एक बाजू किंवा केवळ गाठ काढणे व निरोगी भाग राखणे हे त्यांचे धोरण झाले. ग्रंथी अतिक्रियाशील होणाऱ्या बाझेडो रोगात (ग्रेव्हज रोगात) रुग्णाची प्रकृती पाहून ते टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रिया करत. प्रथम काही रोहिण्या बांधत व नंतर ग्रंथीचा भाग काढत. मृत्यूपूर्वी काही आठवडे त्यांनी स्विस शल्यचिकित्सकांच्या सभेत आपल्या एकूण कामाचा आढावा मांडला. त्यात सुमारे ५,००० अवटू शस्त्रक्रियांचा समावेश होता आणि मृत्यूचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास होते.

युरोपभरातून, विशेषतः रशियातून, रुग्ण बर्नला येत. रशियन क्रांतिकारक व्लादिमीर लेनिन हे १९१३ च्या उन्हाळ्यात पत्नी नादेझ्दा क्रुप्स्काया यांना घेऊन बर्नला आले आणि क्रुप्स्काया यांच्यावर कोखर यांनी अवटू ग्रंथीची शस्त्रक्रिया केली.

अन्य शाखांतील योगदान

कोखर यांचे काम अवटू ग्रंथीपुरते मर्यादित नव्हते. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी बरगड्यांच्या खालून घ्यावयाचा छेद आणि लहान आतड्याचा आरंभीचा भाग मोकळा करण्याची कृती या दोन्ही त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. शस्त्रक्रियातंत्रावरील त्यांचा ग्रंथ १८९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या व अनेक भाषांत अनुवाद झाले.

बंदुकीच्या गोळीने होणाऱ्या जखमांचा त्यांनी प्रयोगांद्वारे अभ्यास केला. गोळीचा आकार, वेग व घडण यांचा ऊतकांच्या नाशाशी काय संबंध आहे हे दाखवून, युद्धातील जखमा कमी विदारक व्हाव्यात यासाठी गोळ्यांची रचना बदलावी, अशी भूमिका त्यांनी १८९४ मध्ये रोम येथील आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत मांडली.

१९००-०१ च्या हिवाळ्यात अमेरिकेचे हार्वी कुशिंग बर्नमध्ये होते. कोखर यांच्या सूचनेवरून व शरीरक्रियावैज्ञानिक हुगो क्रोनेकर यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी कवटीतील दाब व रक्तदाब यांच्या संबंधावर संशोधन केले. कुशिंग पुढे आधुनिक मेंदू शल्यविज्ञानाचे एक प्रमुख प्रवर्तक ठरले. लोझानचे सेझार रू, जपानचे इतो हायाझो आणि कोखर यांच्यानंतर बर्नचे प्राध्यापक झालेले फ्रिट्स द केर्व्हँ हेही त्यांच्या शिष्यपरंपरेतील होत.

१९०२ मध्ये ते जर्मन शल्यचिकित्सा संघाचे अध्यक्ष झाले. १९०५ मध्ये ब्रुसेल्स येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय शल्यचिकित्सा संघाच्या पहिल्या परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले.

नोबेल पारितोषिक व अखेरची वर्षे

११ डिसेंबर १९०९ रोजी दिलेल्या नोबेल व्याख्यानासाठी कोखर यांनी अवटू ग्रंथीच्या सौम्य विकारांचा विषय निवडला. गळ्यावर मोठा गलगंड किंवा ठळक क्षीणता दिसण्यापूर्वीही ग्रंथीचे कार्य किंचित कमी वा जास्त होऊन रुग्णाला त्रास होऊ शकतो आणि तो लक्षपूर्वक ओळखावा लागतो, असे त्यांच्या विवेचनाचे सूत्र होते. १९१२ मध्ये त्यांनी बर्न विद्यापीठाला संशोधन संस्थेसाठी दोन लाख फ्रँकची देणगी दिली. त्यातून थेओडोर कोखर संस्था उभी राहिली.

२३ जुलै १९१७ च्या संध्याकाळी त्यांना तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात बोलावण्यात आले. शस्त्रक्रिया पार पडली. त्यानंतर त्यांना अस्वस्थ वाटू लागले. अंथरुणात असतानाही ते शास्त्रीय टिपणांवर काम करत होते. पुढे त्यांची शुद्ध हरपली आणि २७ जुलै १९१७ रोजी बर्न येथे त्यांचे निधन झाले.

आयोडीनचा प्रश्न

गलगंडावर आयोडीन देण्याचा प्रयोग जिनिव्हाचे जाँ-फ्रँस्वा क्वाँदे यांनी १८२० मध्येच केला होता. मात्र मात्रा जास्त झाल्याने काही रुग्णांत छातीची धडधड, थरथर व वजन घटणे असे दुष्परिणाम दिसले. कोखर यांनीही अशा रुग्णांचा अभ्यास करून १९१० मध्ये आयोडीनजन्य बाझेडो रोगाचे वर्णन केले व आयोडीनच्या वापराबाबत सावधगिरीचा सल्ला दिला. जुन्या, गाठी झालेल्या गलगंडात अचानक मिळालेल्या आयोडीनने ग्रंथी अतिक्रियाशील होऊ शकते, हे निरीक्षण आजही ग्राह्य आहे. परंतु अत्यल्प मात्रेत आयोडीन दिल्यास संपूर्ण लोकसंख्येत गलगंडाचा प्रतिबंध होऊ शकतो, हे त्यांच्या हयातीत सिद्ध झाले नाही. ते काम १९१८ पासून स्विस डॉक्टर ओटो बायार्ड यांच्या मिठावरील प्रयोगांनी केले. १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आयोडीनयुक्त मिठाचा वापर सुरू झाला. त्याच्या समर्थकांत कोखर यांचे उत्तराधिकारी द केर्व्हँ हेही होते. पुढे भारतात हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून असाच प्रयोग केला आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. कोखर यांनी ज्या विकारावर हजारो शस्त्रक्रिया केल्या, तो मिठाच्या चिमटीने बऱ्याच अंशी आटोक्यात आला.

वारसा : लहान गाठींचे निरीक्षण

कोखर यांच्यापुढे येणारे गलगंड डोळ्यांना दिसणारे व श्वास कोंडणारे असत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात श्राव्यातीत ध्वनिलहरींची तपासणी (सोनोग्राफी) आली आणि हाताला न लागणाऱ्या, काही मिलिमीटरच्या गाठीही दिसू लागल्या. प्रौढ व्यक्तींत, विशेषतः स्त्रियांत व उतारवयात, अशा गाठी अतिशय सामान्य आहेत. त्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास गाठी कर्करोगाच्या नसतात. कोखर यांच्या पिढीपुढे गाठ सुरक्षितपणे कशी काढावी हा प्रश्न होता. आता ती काढण्याची गरज आहे का, हा प्रश्न महत्त्वाचा झाला आहे.

सर्वसाधारण पद्धतीनुसार प्रथम रक्तातील टीएसएच या संप्रेरकाचे प्रमाण व सोनोग्राफीतील गाठीचे स्वरूप पाहिले जाते. गाठ घन आहे की द्रवयुक्त, तिच्या कडा नियमित आहेत का, तिच्यात कॅल्शियमचे सूक्ष्म कण आहेत का, ती रुंदीपेक्षा उंच आहे का, यांवरून संशयाची पातळी ठरते. एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींतून सुईने पेशींचा नमुना घेणे सहसा आवश्यक मानले जात नाही. ठरावीक कालावधीनंतर पुन्हा सोनोग्राफी करून मापांची तुलना केली जाते. हा कालावधी संशयाच्या पातळीनुसार सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत किंवा अधिक असतो. मोजणीत थोडाफार फरक पडतोच. म्हणून किमान दोन मापांत वीस टक्के व निदान दोन मिलिमीटर वाढ झाली तरच ती खरी वाढ समजतात. गळ्यातील लसिका ग्रंथी वाढणे, आवाज बदलणे किंवा गिळताना अडथळा येणे या गोष्टींकडे मात्र गाठ लहान असली तरी लक्ष दिले जाते.

जपानमधील कोबे येथील कुमा रुग्णालयाने १९९३ पासून याहून पुढचे पाऊल उचलले. एक सेंटिमीटरपर्यंतचा, कमी धोक्याचा पॅपिलरी प्रकारचा कर्करोग सिद्ध झालेल्या रुग्णांनाही तत्काळ शस्त्रक्रियेऐवजी नियमित निरीक्षणाचा पर्याय तेथे देण्यात आला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,२३५ रुग्णांच्या आढाव्यात दहा वर्षांत सुमारे आठ टक्के रुग्णांची गाठ तीन मिलिमीटर वा अधिक वाढली, सुमारे चार टक्क्यांत लसिका ग्रंथींत प्रसार आढळला आणि या कर्करोगाने एकही मृत्यू झाला नाही. याच्या उलट, दक्षिण कोरियात सोनोग्राफीचा सरसकट वापर वाढल्यावर २०११ मध्ये अवटू कर्करोगाच्या निदानांचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले, पण मृत्यूंचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले. ग्रंथी काढलेल्या असंख्य रुग्णांना मात्र आयुष्यभर थायरॉक्सिनच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. १८८३ मध्ये कोखर यांच्या रुग्णांना अशी गोळी उपलब्ध नव्हती, हाच काय तो फरक.

स्मारके

बर्नमध्ये कोखरपार्क ही बाग व कोखरगासे हा रस्ता त्यांच्या स्मरणार्थ आहे. थेओडोर कोखर संस्था बर्न विद्यापीठाचा भाग म्हणून कार्यरत राहिली. १९७५ मध्ये बर्नजवळील त्सिमरवाल्ड वेधशाळेतून पाउल विल्ड यांनी शोधलेल्या २०८७ क्रमांकाच्या लघुग्रहाला कोखेरा, तर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील एका विवराला कोखर असे नाव देण्यात आले आहे.